परक्या देहातील मानवी पेशी : प्रस्तावना

दोन भिन्न जीवांपासून आलेल्या पेशी एकाच शरीरात एकत्र नांदत असतील, तर त्या शरीराला जीवशास्त्रात कायमेरा म्हणतात. आणि त्यांपैकी काही पेशी माणसाच्या व उरलेल्या अन्य प्राण्याच्या असतील, तर तो मानव-प्राणी कायमेरा ठरतो. व्याख्या एवढी सरळ असली, तरी तिच्या पोटात सामावणारे प्रयोग एकमेकांपासून फार दूरचे आहेत. माणसाच्या कर्करोगाची गाठ त्वचेखाली वाढवलेला उंदीर, मानवी रक्तपेशी तयार करणारा उंदीर, मानवी मूत्रपिंडाची सुरुवात झालेला डुकराचा गर्भ आणि मानवी मूलपेशी सोडलेला माकडाचा भ्रूण हे सारे एकाच नावाने ओळखले जातात, आणि म्हणूनच त्या सर्वांवर एकच निवाडा देण्याचा मोह समर्थकांना जसा होतो तसाच विरोधकांनाही होतो. या विषयाची चर्चा बिघडते ती बहुधा याच ठिकाणी. प्रयोगांचे हे प्रकार वेगळे करून दाखवणे, वैद्यकाला त्यांपैकी प्रत्येकाकडून काय मिळाले व काय अपेक्षित आहे हे नोंदवणे, आणि नैतिक आक्षेपांपैकी कोणता आक्षेप कोणत्या प्रयोगाला खरोखर लागू पडतो याचा विचार करणे, हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

आरंभी काही भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. घोडी आणि गाढव यांच्या संयोगातून जन्मणारे खेचर हा संकर होय. त्याच्या प्रत्येक पेशीत अर्धी गुणसूत्रे घोडीची आणि अर्धी गाढवाची असतात. कायमेऱ्यात असे मिश्रण पेशीच्या आत होत नाही; तेथे प्रत्येक पेशी पूर्णपणे एका किंवा दुसऱ्या जीवाचीच असते आणि मिश्रण असते ते पेशींच्या समुदायाचे. जनुकांतरित प्राणी हा तिसरा प्रकार असून त्यात परक्या जातीचे एखाददुसरे जनुक प्राण्याच्या स्वतःच्या पेशींमध्ये बसवलेले असते. हृदयाच्या शस्त्रक्रियेत अनेक दशके वापरल्या जाणाऱ्या डुकराच्या झडपा या तिन्हींत बसत नाहीत, कारण रसायनांची प्रक्रिया केलेले ते निर्जीव ऊतक असते. हे भेद केवळ परिभाषेपुरते नाहीत: ज्याच्या प्रत्येक पेशीत दोन जाती मिसळल्या आहेत असा जीव आणि ज्याच्या एका अवयवात परक्या पेशी राहतात असा जीव यांच्याविषयी उपस्थित होणारे प्रश्न निराळे असतात, आणि 'अर्धा माणूस, अर्धा प्राणी' हे लोकप्रिय चित्र कायमेऱ्याला जवळजवळ कधीच लागू पडत नाही.

पेशींचे मिश्रण ही केवळ प्रयोगशाळेची निर्मिती आहे, असेही नाही. रक्ताच्या कर्करोगासाठी ज्याच्यावर दुसऱ्याच्या अस्थिमज्जेचे रोपण झाले आहे, त्या रुग्णाचे रक्त पुढे दात्याच्या पेशींतून तयार होत राहते आणि त्या अर्थाने तो कायमेराच असतो. गर्भारपणात बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात, आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलग्याच्या जन्मानंतर २७ वर्षांनीही एका मातेच्या रक्तात अशा पेशी आढळल्या होत्या. या उदाहरणांवरून मानव-प्राणी मिश्रणाचे समर्थन आपोआप होत नाही, कारण ती एकाच जातीतली आहेत; परंतु परक्या पेशी शरीरात आल्या म्हणजे व्यक्तीचे स्वत्व भ्रष्ट झाले, हा युक्तिवाद मात्र त्यांच्यापुढे टिकत नाही.

प्रायोगिक कायमेऱ्यांचा इतिहास भ्रूणविज्ञानात सुरू होतो. पोलंडचे आंद्रझेय तार्कोव्स्की यांनी १९६१ मध्ये उंदरांचे दोन कोवळे भ्रूण एकत्र जोडून त्यांतून एकच पिल्लू घडू शकते हे दाखवले; अमेरिकेत बिअट्रिस मिंट्झ यांनी त्याच दिशेने स्वतंत्रपणे काम केले; आणि १९६८ मध्ये रिचर्ड गार्डनर यांनी ब्लास्टोसिस्टमध्ये, म्हणजे गर्भाशयात रुजण्यापूर्वीच्या पोकळ गोळ्यासारख्या भ्रूणात, सूक्ष्म सुईने पेशी सोडण्याची रीत सिद्ध केली. फ्रान्समध्ये निकोल ल दुआरँ यांनी लावा पक्ष्याच्या गर्भातील पेशी कोंबडीच्या गर्भात बसवल्या. लाव्याच्या पेशींचे केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे ओळखू येत असल्यामुळे कोणती पेशी कोठे जाऊन काय बनते याचा माग त्यांना काढता आला, आणि मज्जासंस्थेची घडण समजण्यास त्याचे मोठे साहाय्य झाले. १९८४ मध्ये मेंढी व बकरी यांच्या भ्रूणपेशींपासून कायमेरा जन्मास येऊन प्रौढ झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले, तेव्हा दोन भिन्न जाती एका देहात आयुष्यभर राहू शकतात हे सिद्ध झाले.

या इतिहासातील एका प्रयोगाकडे मात्र नीतीच्या दृष्टीने विशेष लक्ष द्यावे लागते. १९८८ मध्ये इव्हान बालबन, मारी-एमे तेइये आणि ल दुआरँ यांनी लाव्याच्या गर्भातील मेंदूचा काही भाग कोंबडीच्या गर्भात रोपला, आणि त्यांपैकी काही पिल्ले कोंबडीऐवजी लाव्याच्या धाटणीने आरवू लागली. याचा अर्थ असा की, मेंदूचे ऊतक एका जातीतून दुसऱ्या जातीत गेले तर त्याच्याबरोबर वर्तनाचा एखादा निश्चित आकृतिबंधही जाऊ शकतो. यकृताच्या किंवा मूत्रपिंडाच्या पेशी हलवणे आणि मेंदूच्या पेशी हलवणे यांत नैतिकदृष्ट्या फरक का करावा लागतो, याचे प्रयोगसिद्ध कारण मानवी पेशींचा प्रश्न ऐरणीवर येण्यापूर्वीच असे हाती आले होते.

वैद्यकीय उपयोगांपैकी सर्वांत रुळलेला उपयोग उंदरांचा आहे. ज्यांची प्रतिकारयंत्रणा जन्मतःच निकामी असते अशा उंदरांत मानवी रक्तपेशी निर्माण करणाऱ्या ऊतकांचे रोपण करून मानवी प्रतिकारपेशी असलेला उंदीर तयार करण्याचे काम १९८८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील जोसेफ मॅक्यून, आयर्व्हिंग वाइसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. एचआयव्ही हा विषाणू सामान्य उंदराच्या पेशींत वाढत नाही. त्यामुळे त्याच्यावरील औषधे माणसाला देण्यापूर्वी जिवंत शरीरात तपासण्यासाठी असे उंदीर उपयोगी पडले. रुग्णाच्या गाठीचा तुकडा उंदरात वाढवून त्यावर औषध पारखण्याची पद्धतही आता कर्करोग-संशोधनात नेहमीची झाली आहे. या प्रयोगांना प्राणिप्रयोगांचे सर्वसाधारण नियम लागू होतात आणि तेवढे पुरेसे ठरतात, याविषयी तज्ज्ञांमध्ये बऱ्यापैकी एकमत आहे.

मेंदूच्या बाबतीत हे एकमत सैल पडते. २०१३ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातील स्टीव्हन गोल्डमन व माइकेन नेडरगार्ड यांच्या गटाने मानवी ग्लायल पेशींच्या, म्हणजे चेतापेशींना आधार व पोषण देणाऱ्या पेशींच्या, पूर्वज पेशी नवजात उंदरांच्या मेंदूत सोडल्या, आणि प्रौढ झाल्यावर त्या उंदरांनी शिकण्याच्या काही कसोट्यांत सरस कामगिरी केली. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या सर्जियू पाश्का यांच्या गटाने मूलपेशींपासून वाढवलेल्या मानवी मेंदू-ऊतकाच्या सूक्ष्म गोळ्यांचे, ज्यांना ऑर्गनॉइड म्हणतात, नवजात उंदरांच्या मेंदूत रोपण केले. तेथे ते गोळे वाढले, उंदराच्या चेतापेशींशी जोडले गेले, आणि टिमथी सिंड्रोम या दुर्मीळ विकाराच्या रुग्णांपासून घेतलेल्या पेशींतील दोष काचेच्या बशीपेक्षा तेथे अधिक स्पष्टपणे पाहता आले. स्वमग्नता, अपस्मार, स्किझोफ्रेनिया अशा विकारांच्या संशोधनात जिवंत मानवी मेंदू उघडून पाहणे शक्य नसते; म्हणून या मार्गाचे महत्त्व मोठे आहे, आणि ज्या कारणाने ते मोठे आहे त्याच कारणाने तो मार्ग नाजूकही आहे. ऊतक जितके मानवी मेंदूसारखे वागेल तितका प्रयोग उपयुक्त ठरणार, आणि तितकीच नैतिक चिंता वाढणार.

दुसरा उपयोग अजून पुष्कळसा भविष्यातला आहे, आणि तो म्हणजे रोपणासाठी मानवी अवयव प्राण्यांत वाढवण्याचा. त्यामागची निकड खरी आहे. अमेरिकेत अवयवांच्या प्रतीक्षायादीवर एक लाखाहून अधिक रुग्ण असतात. भारतात २०२३ मध्ये झालेल्या अवयवरोपणांची संख्या १८ हजारांच्या पुढे गेली असली, तरी मृत्यूनंतर अवयवदान करणाऱ्यांची संख्या हजाराच्या आसपासच होती. बहुतेक रोपणे जिवंत नातेवाइकांच्या दानावर चालतात, आणि या जिवंत दात्यांमध्ये पत्नी, आई व बहीण यांचाच भरणा अधिक असतो. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला निदान डायलिसिसचा आधार असतो. यकृत निकामी झालेल्यांना तसा दीर्घकाळ चालणारा पर्याय जवळजवळ नसतो.

या निकडीला उत्तर म्हणून पुढे आलेल्या तंत्राचे तत्त्व समजण्यास सोपे आहे. प्राण्याच्या भ्रूणातील असे जनुक निष्क्रिय करायचे की ज्याच्यावाचून एखादा अवयव घडूच शकत नाही, आणि त्या भ्रूणात दुसऱ्या जीवाच्या मूलपेशी, म्हणजे शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी बनण्याची क्षमता असलेल्या पेशी, सोडायच्या. भ्रूण वाढू लागला की त्या अवयवाची रिकामी जागा या पाहुण्या पेशी भरून काढतात. प्रयोगशाळेत माऊस आणि रॅट या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या उंदरांच्या दोन भिन्न जातींवर हिरोमित्सु नाकाउची यांच्या जपानी गटाने हे तत्त्व पारखले. २०१० मध्ये त्यांनी स्वादुपिंड बनू न शकणाऱ्या माऊसमध्ये रॅटच्या पेशींचे स्वादुपिंड वाढवले, आणि २०१७ मध्ये उलट दिशेने, रॅटमध्ये माऊसचे स्वादुपिंड वाढवून त्यातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशीसमूहांचे मधुमेही माऊसमध्ये रोपण केले. त्या माऊसच्या रक्तातील साखर वर्षभराहून अधिक काळ नियंत्रणात राहिली, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे त्यांना केवळ सुरुवातीचे काही दिवस द्यावी लागली. २००६ मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या साध्या त्वचापेशींपासून मूलपेशी बनवण्याची रीत शोधल्यामुळे, रुग्णाच्याच पेशींपासून त्याचा स्वतःचा अवयव वाढवण्याची कल्पना या तंत्राला जोडता आली.

माणसाच्या बाबतीत मात्र मार्ग इतका सुकर राहिला नाही. अवयवांचा आकार माणसाच्या अवयवांशी जुळतो म्हणून यजमान प्राणी डुक्कर निवडण्यात आला. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेतील साल्क संस्थेच्या हुआन कार्लोस इस्पिसुआ बेल्मोंते व जुन वू यांच्या गटाने मानवी मूलपेशी सोडलेले दोन हजारांहून अधिक भ्रूण डुकरिणींच्या गर्भाशयात ठेवल्याचे प्रसिद्ध केले. तीन ते चार आठवड्यांनी १८६ गर्भ तपासणीसाठी मिळाले, आणि त्यांत मानवी पेशी सापडल्या त्या सुमारे एक लाखात एक इतक्या विरळ. २०२१ मध्ये चीनमधील कुनमिंग येथे तान ताओ व जी वेइझी यांच्या गटाने बेल्मोंते यांच्या सहकार्याने मकाक माकडांच्या १३२ भ्रूणांत प्रत्येकी २५ मानवी पेशी सोडल्या. यजमान उत्क्रांतीच्या दृष्टीने जवळचा असल्यामुळे मानवी पेशी अधिक टिकल्या, आणि प्रयोगशाळेतील बशीतच वाढवलेल्या या भ्रूणांपैकी तीन १९ दिवसांपर्यंत जगले. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्वांगझू येथील लाय लियांगश्वे यांच्या गटाने मूत्रपिंड घडवणारी दोन जनुके काढून टाकलेल्या डुकराच्या गर्भांत मानवी पेशींचे प्राथमिक मूत्रपिंड घडल्याचे दाखवले. त्यातील निम्म्याहून अधिक पेशी मानवी होत्या. परंतु त्यासाठी १,८२० भ्रूण १३ डुकरिणींत ठेवावे लागले, तपासण्याजोगे पाच गर्भ हाती आले, आणि प्रयोग गर्भारपणाच्या चौथ्या आठवड्यातच थांबवण्यात आला.

या अडचणींची कारणे जीवशास्त्रातच दडलेली आहेत. माणूस व डुक्कर यांचे समान पूर्वज सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीचे. दोघांच्या पेशी परस्परांना दिलेले रासायनिक संकेत नीट ओळखत नाहीत. डुकराचे गर्भारपण ११४ दिवसांचे, माणसाचे नऊ महिन्यांचे. त्यामुळे एका भ्रूणाच्या वेगाशी दुसऱ्याच्या पेशींना जुळवून घेता येत नाही. शिवाय कोवळ्या भ्रूणात पेशींची परस्परांशी स्पर्धा चालते आणि परक्या पेशी हरतात व मरतात. या सर्वांवर मात केली, तरी नव्या अवयवातील रक्तवाहिन्या यजमानाच्याच राहतात, आणि रोपण होताच रुग्णाचे शरीर प्रथम त्यांच्यावर हल्ला करते. म्हणून रक्तवाहिन्याही मानवी पेशींपासून घडवण्याचे प्रयत्न अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात झाले आहेत.

दरम्यान याच निकडीला दुसरे उत्तर अधिक वेगाने पुढे सरकले आहे. जानेवारी २०२२ मध्ये मेरिलँड विद्यापीठात दहा जनुकीय बदल केलेल्या डुकराचे हृदय एका रुग्णाला बसवण्यात आले आणि तो सुमारे दोन महिने जगला. मार्च २०२४ मध्ये बोस्टनमध्ये ६९ जनुकीय बदल केलेल्या डुकराचे मूत्रपिंड एका जिवंत रुग्णाला बसवण्यात आले. आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा मूत्रपिंडांच्या रीतसर चाचण्यांना परवानगी दिली. येथे अवयव पूर्णपणे डुकराचाच असतो आणि मानवी पेशी डुकरात घालण्याचा प्रश्न येत नाही. भारतातील अशा प्रयत्नाचा इतिहास मात्र इशारा देणारा आहे. १९९७ मध्ये आसाममधील डॉ. धनीराम बरुआ यांनी एका रुग्णाला डुकराचे हृदय बसवले, रुग्ण आठवड्याभरात दगावला आणि १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली बरुआ यांना अटक झाली. कल्पना काळाच्या पुढची होती की नव्हती हा वाद बाजूला ठेवला, तरी स्वतंत्र समितीची पूर्वपरवानगी आणि तपासता येण्याजोगा पूर्वाभ्यास यांच्याविना धाडस कोठे नेते, याचे ते उदाहरण आहे. कायमेरा-संशोधनाच्या दृष्टीने या स्पर्धक मार्गाचे महत्त्व असे की, 'दुसरा उपाय नाही' हे समर्थन आता तितक्या जोराने करता येत नाही. आवश्यकतेचा दावा दर काही वर्षांनी नव्याने तपासावा लागतो.

नैतिक आक्षेपांपैकी सर्वांत जुना आणि सर्वांत सहज सुचणारा आक्षेप जातींच्या सीमेचा आहे. निसर्गाने आखलेली रेषा माणसाने ओलांडू नये, असा त्याचा आशय असतो. २००३ मध्ये जेसन रॉबर्ट व फ्रान्स्वाज बेलिस या तत्त्वचिंतकांनी या आक्षेपाची बारकाईने तपासणी केली आणि दाखवले की, 'जाती' या संकल्पनेची एकच निर्विवाद व्याख्या जीवशास्त्रालाही करता आलेली नाही. तथापि समाजव्यवहारात माणूस व प्राणी यांच्यातील रेषेवर हक्कांची आणि कर्तव्यांची मोठी इमारत उभी असल्यामुळे, ती रेषा पुसट करणारा जीव समाजाला नैतिक संभ्रमात टाकतो, आणि लोकांच्या अस्वस्थतेचे मूळ तेथे आहे. हे विश्लेषण मान्य केले, तरी त्यातून बंदीचे समर्थन निघतेच असे नाही. संभ्रम हा विचार करण्याचे कारण असतो. विचार थांबवण्याचे कारण म्हणून तो पुढे करता येत नाही.

दुसरा आक्षेप क्षमतेचा आहे आणि तो अधिक भक्कम आहे. माणसाला जो नैतिक दर्जा दिला जातो तो त्याच्या पेशींतील गुणसूत्रांमुळे दिला जातो, की स्वतःची जाणीव, भविष्याची कल्पना, दुःखाचा अर्थ लावण्याची शक्ती अशा क्षमतांमुळे? उत्तर दुसरे असेल, तर मानवी मूत्रपिंड असलेले डुक्कर नैतिकदृष्ट्या डुक्करच राहते, आणि मानवी पेशी मेंदूत मोठ्या प्रमाणावर पसरलेल्या डुकराविषयी किंवा माकडाविषयी मात्र प्रश्न उभा राहतो. जवळजवळ सर्व चेतापेशी मानवी असतील असा उंदीर घडवण्याची कल्पना वाइसमन यांनी मांडली, तेव्हा हेन्री ग्रीली यांच्या नेतृत्वाखालील गटाने तिचा विचार करून, प्रयोग टप्प्याटप्प्याने करावा, जन्मापूर्वी मेंदूची रचना तपासावी आणि ती उंदराच्या रचनेपासून हटताना दिसली तर थांबावे, असा सल्ला दिला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला हा विचार आजही मार्गदर्शक ठरतो. पेशी मानवी असल्या, तरी उंदराच्या कवटीची जागा, त्याचे आयुर्मान आणि त्याच्या मेंदूचा आराखडा त्यांना बंधने घालतात; डुकराच्या आणि विशेषतः माकडाच्या बाबतीत ही बंधने सैल होतात. म्हणूनच मानवी मूलपेशींना चेतापेशी बनताच येऊ नये असे जनुकीय कुलूप आधीच घालण्याचा पर्याय पुढे आला आहे, आणि ग्वांगझूच्या प्रयोगातही मेंदू व मज्जारज्जूत मानवी पेशी अत्यल्पच आढळल्या, ही बाब संशोधकांनी मुद्दाम नोंदवली.

मेंदूखालोखाल चिंतेचा विषय आहे तो जननपेशींचा. मानवी पेशी प्राण्याच्या वृषणात किंवा बीजकोशात पोहोचल्या, तर मानवी शुक्राणू वा बीजांडे प्राण्याच्या शरीरात तयार होण्याची, आणि अशा दोन प्राण्यांच्या संयोगातून मानवी भ्रूण प्राण्याच्या गर्भाशयात रुजण्याची शक्यता, कितीही दूरची असली तरी, तत्त्वतः उद्भवते. या मुद्द्यावर बहुतेक सर्व नियमावल्यांचे एकमत असून अशा प्राण्यांचे प्रजनन सर्वत्र निषिद्ध मानले जाते. चेहरा, त्वचा, हात अशा बाह्य रूपात मानवी खुणा उमटण्याची भीती ही तिसरी. तिच्यामागे क्षमतेचा युक्तिवाद नसला, तरी असा जीव समाजात ज्या प्रतिक्रिया जागवील त्यांचा विचार धोरणकर्त्यांना टाळता येत नाही.

या तिन्ही चिंतांच्या केंद्रस्थानी माणूस आहे: प्राणी 'फार माणसासारखा' होऊ नये, ही त्यांची भाषा आहे. प्राण्याच्या बाजूने विचार केला की प्रश्न वेगळाच दिसू लागतो. अवयवासाठी वाढवलेल्या डुकराला संसर्ग टाळण्यासाठी निर्जंतुक, बंदिस्त जागेत, आपल्या जातीच्या स्वाभाविक वर्तनापासून तोडून ठेवावे लागते. आणि पाच गर्भांमागे किती मादीदेह व किती भ्रूण खर्ची पडतात हे ग्वांगझूच्या आकड्यांवरून दिसतेच. त्याहून मूलभूत गोष्ट अशी की, मेंदूतील काही मानवी पेशींमुळे डुकराच्या जाणिवेत भर पडली तर त्याला अधिक संरक्षण मिळावे असे जर मानले, तर संरक्षणाचा आधार जाणीव हाच ठरतो. मग मानवी पेशी नसलेल्या साध्या डुकरापाशी जी जाणीव, जी भीती आणि जी वेदना आधीपासून आहे, तिचे मोजमाप का होऊ नये, याचे उत्तर द्यावे लागते. कायमेरा-संशोधनाने समाजापुढे ठेवलेला सर्वांत अवघड प्रश्न हा आहे, आणि तो कायमेऱ्याविषयी असण्यापेक्षा माणसाने स्वतःला दिलेल्या विशेषाधिकाराच्या कारणांविषयी अधिक आहे. अहिंसेची परंपरा सांगणाऱ्या भारतीय समाजालाही तो टाळता येणार नाही, कारण तत्त्वात जीवमात्राविषयी करुणा आणि व्यवहारात प्राण्यांचा निःसंकोच वापर ही विसंगती येथेही तितकीच जुनी आहे.

माणसांविषयीचे प्रश्नही उरतातच. ज्या दात्याच्या त्वचेतून वा रक्तातून मूलपेशी बनवल्या जातात, त्याने 'वैद्यकीय संशोधनासाठी' अशी ढोबळ संमती दिलेली असते; आपल्या पेशी डुकराच्या किंवा माकडाच्या गर्भात जाणार आहेत हे त्याला स्पष्ट सांगितले गेले पाहिजे, कारण धार्मिक श्रद्धेमुळे किंवा व्यक्तिगत कारणाने काहींना तेवढेच अमान्य असू शकते. अवयव घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत प्राण्यांकडून येणाऱ्या संसर्गाचा धोका असतो. डुकराच्या गुणसूत्रांतच वास करणारे विषाणू असतात, आणि मेरिलँडच्या रुग्णाला मिळालेल्या हृदयात डुकरांना बाधणारा एक विषाणू नंतर आढळला होता. असा संसर्ग रुग्णापुरता राहीलच याची खात्री नसल्यामुळे त्याच्यावर, आणि कदाचित त्याच्या कुटुंबीयांवरही, आजन्म देखरेख ठेवावी लागते. प्रयोगातून केव्हाही बाहेर पडण्याचा संशोधनातील सहभागी व्यक्तीचा मान्य हक्क येथे आक्रसतो. शेवटी, असे अवयव उपलब्ध झाले तरी ते कोणाला परवडतील हा प्रश्न उरतो. जेथे मृत्यूनंतरच्या अवयवदानाचे प्रमाण वाढवण्यास अजून मोठा वाव आहे, तेथे महागड्या तंत्राकडे पाहून त्या साध्या कामाकडे दुर्लक्ष होणे न्याय्य ठरणार नाही.

नियमनाची वाट देशोदेशी वेगळी राहिली आहे. डिसेंबर १९९७ मध्ये स्टुअर्ट न्यूमन या जीवशास्त्रज्ञाने जेरेमी रिफ्किन यांच्या साथीने मानव-प्राणी कायमेऱ्यांच्या पेटंटसाठी अर्ज केला तो असे जीव कोणी घडवू नयेत व कायद्याची भूमिका स्पष्ट व्हावी म्हणून, आणि २००५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने तो अंतिमतः फेटाळला. ब्रिटनने २००८ च्या कायद्यात मानवी अंश असलेल्या मिश्र भ्रूणांना परवान्याच्या कक्षेत आणले आणि १४ दिवस किंवा शरीराचा अक्ष दर्शवणारी आद्यरेषा यांपैकी जे आधी येईल तेथे मर्यादा घातली. तेथील वैद्यकशास्त्र अकादमीने २०११ मध्ये प्रयोगांची तीन गटांत विभागणी सुचवली: नेहमीच्या नियमांत बसणारे, विशेष तज्ज्ञ-छाननी लागणारे, आणि तूर्त करूच नयेत असे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने सप्टेंबर २०१५ मध्ये प्राण्यांच्या अगदी कोवळ्या भ्रूणांत मानवी मूलपेशी सोडण्याच्या संशोधनाचा निधी थांबवला. पण निधी रोखणे म्हणजे बंदी नव्हे, आणि खासगी पैशावर व अन्य देशांत काम चालूच राहिले. जपानने उलट दिशा घेतली: मार्च २०१९ मध्ये नियम शिथिल करून असे भ्रूण १४ दिवसांपुढे वाढवण्यास व प्राण्याच्या गर्भाशयात ठेवण्यास सशर्त वाट मोकळी केली. आंतरराष्ट्रीय मूलपेशी संशोधन संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मानवी पेशी असलेले भ्रूण मानवी किंवा वानरांच्या गर्भाशयात ठेवणे आणि मानवी जननपेशी असू शकतील अशा कायमेऱ्यांचे प्रजनन करणे निषिद्ध ठरवले.

भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे या विषयाला लागू पडतात. त्यांनुसार प्राण्यांत मानवी मूलपेशी सोडून केलेले कायमेरा-अभ्यास निर्बंधित वर्गात मोडतात, संस्थेच्या समितीबरोबरच राष्ट्रीय पातळीवरील समितीचीही मान्यता त्यांना आवश्यक असते, आणि मानवी जननपेशी असण्याचा संभव असलेल्या प्राण्यांचे प्रजनन निषिद्ध आहे. ही चौकट कागदावर सावध आहे. परंतु ती मार्गदर्शक तत्त्वांची आहे, संसदेच्या कायद्याची नाही. मुंबईच्या परळ भागातील राष्ट्रीय प्रजननस्वास्थ्य संशोधन संस्थेत मानवी भ्रूणीय मूलपेशींच्या वंशमालिका तयार झालेल्या असल्यामुळे आणि पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र असल्यामुळे, हा प्रश्न महाराष्ट्रातील वाचकाला दूरदेशीचा वाटण्याचे कारण नाही. मराठीत त्याची सविस्तर चर्चा होणे हे म्हणूनच अगत्याचे आहे: समित्यांमध्ये विज्ञानाबाहेरच्या नागरिकांना जागा दिली जाते, आणि त्या जागेवर बसणाऱ्याला आपल्या भाषेत विचार करण्याची सोय असावी लागते.

या विषयाचा विचार करणाऱ्याने प्रत्येक प्रयोगाला काही प्रश्न एका ठरावीक क्रमाने विचारावेत, अशी येथे सूचना आहे. मानवी पेशी शरीराच्या कोणत्या भागात जाणार, किती प्रमाणात जाणार आणि वाढीच्या कोणत्या टप्प्यावर जाणार. मेंदू व जननेंद्रिये यांपासून त्यांना दूर ठेवण्याची कोणती व्यवस्था केली आहे आणि ती फसली तर प्रयोग कोठे थांबणार. यजमान प्राण्याने काय सोसायचे आहे. आणि हाच लाभ कमी किमतीत दुसऱ्या मार्गाने मिळू शकतो काय? रक्तपेशींच्या उंदराला ही परीक्षा सहज पार करता येते, डुकरातील मूत्रपिंडाला अटींवर येते, माकडाच्या भ्रूणाला आज येत नाही. उत्तरे प्रयोगागणिक बदलतील आणि विज्ञान पुढे सरकेल तशी पुन्हाही बदलतील. परंतु प्रश्नांचा क्रम टिकवून धरला, तर सरसकट स्वागत आणि सरसकट धिक्कार या दोन्ही सोप्या वाटा बंद होतात. मग उरते ते प्रत्येक प्रयोगाच्या बाजूने दिलेले कारण मूळ प्राण्यालाही लावून पाहण्याचे अवघड काम, आणि ज्या समाजाला या संशोधनाचे फळ हवे आहे त्याने हे काम स्वीकारलेच पाहिजे.